लहरा धरा, मग बोल ऐका: हिप-हॉप, ट्रिप-हॉप आणि अल्टरनेटिव्ह नव्यानं ऐकणाऱ्यांसाठी

माझी भाची कोल्हापुरात शिकते आणि सांगलीहून रोज एसटीनं ये-जा करते. दिवाळीत तिनं विचारलं, “मामा, तू रात्री हेडफोन लावून काय ऐकत बसतोस? मला पण दे. पण सुरुवात कुठनं करू ते सांग.” मी उत्साहाच्या भरात चाळीस अल्बमची यादी पाठवून दिली. आठ दिवसांनी चौकशी केली तर म्हणाली, तीन उघडले आणि तिन्ही दुसऱ्या गाण्यालाच बंद केले. “एकात कोणतरी भांडतंय, एकात बाई रडतीये, आणि तिसऱ्यात नुसता मिक्सर चालू आहे.”

चूक तिची नव्हती. पत्ता विचारणाऱ्याला गावाचा नकाशा हातात द्यावा तसं मी केलं होतं. मग बसून पुन्हा लिहिलं, पायरीपायरीनं. थोडं वाढवून इथे देतोय. मी जाणकार वगैरे नाही. मार्केट यार्डात अडत दुकानात दिवसभर हळदीच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या विक्रीचे हिशेब करतो, आणि वीस-पंचवीस वर्षं हे संगीत ऐकतोय. मतं माझी आहेत, त्यातली काही हट्टी आहेत.

पायरी पहिली: फोनचा स्पीकर विसरा

बेस म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोरनं एकदा गेलं की बरगड्याच सांगतात. पण डॉल्बीचा बेस हा धक्का असतो, त्यात सूर शोधायला जागा नसते. आपण जे अल्बम ऐकणार आहोत त्यांतल्या बेसला चाल असते. तो चढतो, उतरतो, मध्येच गप्प बसतो आणि अर्धं गाणं खांद्यावर घेऊन जातो. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधनं तो जवळजवळ येतच नाही. तंबोऱ्याची खर्जाची तार उतरवून ठेवायची आणि मग गवय्याला नावं ठेवायची, असं ते होतं.

हजार रुपयांच्या आतला वायरचा इयरफोन पुरतो. फक्त त्याचं रबरी टोक कानात घट्ट बसलं पाहिजे. सैल बसलं की सगळ्यात आधी बेस गळतो. माझ्या कानाला मधल्या मापाचं टोक लागत नाही, मोठं लागतं, हे कळायला मला चक्क वर्ष गेलं. ‘बेस बूस्ट’ बंद ठेवा. ज्यांनी हे रेकॉर्ड केलं त्यांनी बेस मोजूनमापूनच घातलाय. आवाज घरातल्या माणसाची हाक ऐकू येईल इतकाच. आणि ॲपमध्ये शफल बंद, क्रॉसफेड बंद. क्रम बिघडल्याचा किस्सा पुढे आहेच.

पायरी दुसरी: अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमानं

२००१ च्या सुमारास स्टेशनजवळच्या एका दुकानात पन्नास रुपयांना एमपीथ्रीची सीडी मिळायची, एकीत बारा-बारा अल्बम. अर्थातच चोरीची. त्यातल्या एकीत पोर्टिसहेड या इंग्लंडमधल्या बँडचा ‘डमी’ होता. पहिलं गाणं ‘बिस्किट’. ते संपायला येतं तेव्हा गाणं बुडत चाललंय असं वाटतं. मग लगेच ‘ग्लोरी बॉक्स’, ज्यात सगळं कोसळून पडतं. हा कसला अल्बम, सुरुवातीलाच जीव काढून ठेवतो आणि मग उरलेला वेळ सावरत बसतो, असं मी दोन वर्षं मित्रांना कौतुकानं सांगत होतो.

खरा प्रकार असा की सीडी भरणाऱ्यानं गाण्यांचे आकडे काढून टाकले होते आणि प्लेअर ती इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं वाजवत होता. ‘बी’चं ‘बिस्किट’ पहिलं, ‘जी’चं ‘ग्लोरी बॉक्स’ दुसरं. मूळ अल्बममध्ये ही शेवटची दोन गाणी आहेत. दोन वर्षं मी शेवट आधी ऐकत होतो. खरा क्रम लावला त्या रात्री ‘मिस्टेरॉन्स’नं दार उघडलं, मध्ये ‘रोड्स’ आलं, आणि ‘ग्लोरी बॉक्स’ला पोचेपर्यंत मी दमलो होतो. ते गाणं दमलेल्या माणसासाठीच आहे.

म्हणून पहिला अल्बम हाच घ्या. ‘डमी’, १९९४. लांबी पन्नास मिनिटांच्या आत, म्हणजे सांगलीहून निघालात तर कोल्हापूर यायच्या आधी संपतो. ब्रिटनमधला १९९५ चा मर्क्युरी पुरस्कार याला मिळाला होता. हिप-हॉपपासून सुरुवात न करता ट्रिप-हॉपपासून करायची, याला माझ्याकडे एकच कारण आहे. हिप-हॉपमध्ये पहिल्या मिनिटाला शब्दांचा लोंढा अंगावर येतो आणि इंग्रजीची सवय नसलेला माणूस तिथेच मागे सरकतो. ट्रिप-हॉपमध्ये खालचा सगळा सांगाडा हिप-हॉपचाच असतो, पण वर बाई संथ गाते. पोर्टिसहेडची गायिका बेथ गिबन्स, तिचा एकही शब्द कळला नाही तरी काही बिघडत नाही. भाचीला ती रडते असं वाटलं. मला ती रडणं आवरून धरते असं वाटतं. ठरवा तुम्ही.

पायरी तिसरी: लहरा धरा

ही पायरी नीट घ्या. बाकी सगळं यावरच आहे.

आमचे अण्णा चाळीस वर्षं भजनी मंडळात तबला वाजवत होते. आता बोटं आखडली आहेत, पण कान तसाच आहे. एका रविवारी मी नास या अमेरिकन रॅपरचा ‘इलमॅटिक’ जरा मोठ्यानं लावला होता. अण्णा पेपर वाचत होते. थोड्या वेळानं बघतो तर उजव्या हाताची बोटं सोफ्याच्या लाकडी हातावर चालली आहेत. मग पेपर खाली आला.

“लहरा कोण धरतोय?”

“मशीन, अण्णा. पियानोचा एक तुकडा उचललाय आणि तोच फिरवलाय.”

“मग चुकायचा नाही.” परत थोडा वेळ ऐकलं. “दाद पण द्यायचा नाही. पण हा गडी बोलतोय बरोबर. बघ, आता लांब गेला... आता येतोय... हां!” आणि बोट बरोबर त्या ठोक्यावर पडलं. अण्णांना इंग्रजीतलं अवाक्षर कळत नाही.

ज्यांनी तबल्याचा सोलो ऐकलाय त्यांना हे लगेच लक्षात येईल. पेटीवाला किंवा सारंगीवाला एका आवर्तनाची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. तो लहरा. त्याचं काम एवढंच, की तबलजी कुठेही भटकला तरी घर कुठंय ते त्याला दिसत राहावं. कायदे, पलटे, तुकडे सगळे त्या एका ओळीवर चालतात, आणि तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, माणूस समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येतो. हिप-हॉपमधला लूप म्हणजे हाच लहरा, आणि रॅपर म्हणजे तबलजी. त्याचे शब्द म्हणजे बोल. अर्थ हवाच, पण आधी वजन.

लूप आला कुठनं, तर न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधनं. ११ ऑगस्ट १९७३ ला सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत एका मुलीनं शाळेच्या नव्या कपड्यांना पैसे जमावेत म्हणून पार्टी ठेवली होती. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. त्याच्या लक्षात आलेली गोष्ट साधी होती. गाण्यात जिथे बाकीची वाद्यं थांबून नुसता ड्रम उरतो, तेवढ्याच जागेची नाचणारी पोरं वाट बघत असतात. ती जागा असते काही सेकंदांची. मग त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवल्या. एकीवरची जागा संपली की दुसरीवरची सुरू, तोवर पहिली हातानं मागे फिरवायची. काही सेकंदांचा तुकडा हवा तेवढा लांबला. पुढे हेच काम सॅम्पलर नावाचं यंत्र करायला लागलं. पार्टीनंतर महिन्याभरानं जन्मलेला नास विसाव्या वर्षी ‘इलमॅटिक’ घेऊन आला, एप्रिल १९९४ मध्ये. त्याच अल्बममध्ये एका गाण्याच्या शेवटी त्याचे वडील ओलू डारा कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटसारखं पितळी वाद्य वाजवतात. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त ते गाणं पुन्हा लावायला सांगितलं.

तर सराव असा. कुठलंही एक गाणं घ्या आणि तीनदा ऐका. पहिल्यांदा गाणाऱ्याकडे कान द्यायचाच नाही, फक्त बेस गुणगुणायचा. दुसऱ्यांदा बोटांनी एक-दोन-तीन-चार मोजायचे. दोन आणि चारवर जो फटका पडतो तो स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम. आपला हात सवयीनं एक आणि तीनवर पडतो, तो जाणून मागे घ्यायचा. तिसऱ्यांदा माणसाकडे वळायचं. शब्द वाचायचे नाहीत, नुसतं बघायचं की तो लहऱ्याच्या पुढे पळतोय, मागे रेंगाळतोय की वरनं चालतोय. अण्णांसारखं बोट बरोबर पडायला लागलं की पुढची पायरी.

पायरी चौथी: एकच लहरा, दोन गाणी

हा माझा सगळ्यात आवडता धडा, आणि दहा मिनिटांत होतो.

‘डमी’मधलं ‘ग्लोरी बॉक्स’ ऐका. लगेच ट्रिकी या रॅपरच्या ‘मॅक्सिनक्वे’ अल्बममधलं ‘हेल इज राउंड द कॉर्नर’ ऐका. खाली तोच तुकडा आहे, अगदी तोच. दोघांनी तो अमेरिकन गायक आयझॅक हेजच्या १९७१ च्या ‘आइक्स रॅप टू’ या गाण्यातनं उचललाय. एकाच लहऱ्यावर दोन घराण्यांचे तबलजी बसवल्यासारखं होतं. बेथ गिबन्स त्यावर हताश होऊन गाते आणि शेवटी गिटार फाटते. ट्रिकी त्यावर दाढदुखी असल्यासारखा पुटपुटतो आणि गायिका मार्टिना टॉप्ली-बर्ड त्याच्या मागनं सावलीसारखी येते. “सॅम्पल करणं म्हणजे चोरी, त्यात कसलं डोकं?” असं विचारणाऱ्याला मी वाद न घालता ही दोन गाणी लावून देतो.

दोन्ही मंडळी ब्रिस्टलची. इंग्लंडच्या पश्चिमेचं हे बंदर. जमैकाहून आलेल्या लोकांनी तिथे सोबत साउंड सिस्टिम आणल्या, म्हणजे भलेमोठे स्पीकर आणि डब या जमैकी संगीताचा संथ, जड बेस. तिथली पोरं त्या बेसवर अमेरिकेतनं आलेलं हिप-हॉप मिसळायला लागली. वाइल्ड बंच नावाचा त्यांचा कंपू होता. त्यातनंच मॅसिव्ह अटॅक हा गट उभा राहिला आणि १९९१ मध्ये ‘ब्लू लाइन्स’ आला. ट्रिकी याच लोकांत वाढला. पोर्टिसहेड हे तर ब्रिस्टलजवळच्या एका लहान गावाचं नाव. सांगलीतल्या पोरांनी बँड काढून त्याचं नाव ‘कुपवाड’ ठेवावं, तसं. ‘ट्रिप-हॉप’ हे नाव १९९४ मध्ये एका इंग्रजी मासिकानं चिकटवलं आणि ते या लोकांना कधीच आवडलं नाही. मलाही फारसं आवडत नाही, पण दुकानात बरणीवर काहीतरी लिहावं लागतंच.

पोर्टिसहेडची एक गंमत माहीत असू द्या. त्यांनी पुष्कळ तुकडे दुसऱ्याचे न घेता स्वतः वाजवले, त्यांच्या तबकड्या बनवून घेतल्या, त्या मुद्दाम खराब केल्या आणि मग जुनी रेकॉर्ड फिरवावी तशा फिरवल्या. ‘डमी’त जी खरखर ऐकू येते ती इयरफोनची नाही. भाचीनं त्यापायी नवा इयरफोन बदलून आणला होता.

मॅसिव्ह अटॅकचा ‘मेझनीन’, १९९८ चा, सगळे डोक्यावर घेतात. त्यातलं ‘टिअरड्रॉप’ एका अमेरिकन मालिकेच्या सुरुवातीला वाजत असल्यामुळे घराघरांत गेलं. अल्बम भारी आहे, नाही म्हणत नाही. पण मला त्यात उन्हाचा कवडसा सापडत नाही. ‘ब्लू लाइन्स’मध्ये माणसं आहेत, घाम आहे. माझ्या मते आधी तो, मग ‘मेझनीन’. आणि ‘मॅक्सिनक्वे’ मी आता ‘डमी’च्याही वर धरतो. ट्रिकी लहान असताना आई गेली, तिच्याच नावावरनं अल्बमचं नाव आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मात्र तो अंधाऱ्या जिन्यासारखा वाटतो. घाई करू नका.

पायरी पाचवी: पूल ओलांडून हिप-हॉपकडे

‘मॅक्सिनक्वे’तच पूल आहे. ‘ब्लॅक स्टील’ नावाचं गाणं. मूळ पब्लिक एनिमी या अमेरिकन हिप-हॉप गटाचं, त्यांच्या १९८८ च्या अल्बममधलं, तुरुंगातल्या कैद्याच्या तोंडचं. ट्रिकीनं ते एका मुलीच्या तोंडी दिलं, खाली रॉकच्या गिटारी लावल्या, आणि ठेक्यासाठी तुकडा घेतला ए. आर. रहमानच्या ‘रोजा’मधल्या ‘रुक्मणी रुक्मणी’चा. आपल्या पिढीच्या लग्नांत ज्यावर अख्खं मांडव नाचलं तेच गाणं! हिप-हॉपचे शब्द, ट्रिप-हॉपची हवा, अल्टरनेटिव्हची गिटार आणि चेन्नईचा ठेका, सगळं एका ताटात. ते ऐका, मग पब्लिक एनिमीचं मूळ ऐका. तिथनं तुम्ही हिप-हॉपमध्ये आलातच.

आता दोन अल्बम. ‘इलमॅटिक’ चाळीस मिनिटांचा आहे, एकही गाणं काढून टाकण्यासारखं नाही. दुसरा अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या गटाचा ‘द लो एंड थिअरी’, सप्टेंबर १९९१. नावातच ‘लो एंड’, म्हणजे तळाचा सूर. पहिल्याच गाण्यात त्यांचा रॅपर क्यू-टिप सांगतो की हे ऐकून वडिलांना बीबॉप, म्हणजे जुनं वेगवान जॅझ आठवलं. एका गाण्यावर जॅझमधला दिग्गज रॉन कार्टर प्रत्यक्ष उभा बास, म्हणजे माणसाएवढं तळाच्या सुराचं तंतुवाद्य वाजवायला आलाय. पायरी पहिली पाळली नसेल तर हा अल्बम तुमच्यासाठी नाहीच.

शब्द आता वाचा. चौथ्या-पाचव्यांदा ऐकताना ओळी समोर ठेवायच्या. यमक फक्त ओळीच्या शेवटी शोधू नका, आत शोधा. शाळेत मोरोपंतांच्या आर्यांना ज्यांनी बोटं मोडली, त्यांना आतल्या यमकाची करामत निदान ओळखू तरी येईल. आणि दोन रॅपरांची जुगलबंदी ऐकताना कलगी-तुऱ्याची आठवण होणारच. एकानं गाण्यात कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातच फोडायचं. रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांची शाहिरी इथल्याच मातीतली. पण “रॅप आपल्याकडे आधीपासूनच होतं” असं छाती काढून म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसवू नका. ब्रॉन्क्सच्या पोरांनी बापूरावांचं नावही ऐकलं नव्हतं. ओळखीचं वाटणं वेगळं आणि मालकी सांगणं वेगळं.

शिव्यांचं काय? आहेत, भरपूर आहेत. त्याहून मला खुपतं ते बायकांबद्दलचं बोलणं. रॅपर डॉ. ड्रेचा १९९२ चा ‘द क्रॉनिक’ कानाला लोण्यासारखा लागतो, पण त्यातली काही गाणी मी पुढे ढकलतो, आणि त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. काळाचा परिणाम वगैरे म्हणून ते धुऊन निघत नाही. ज्यांना सुरुवातीलाच नको असेल त्यांनी लॉरिन हिलचा १९९८ चा अल्बम घ्यावा. गाते आणि रॅपही करते, दोन्ही पहिल्या दर्जाचं. फक्त गाण्यांच्या मधली वर्गातली संभाषणं दुसऱ्यांदापासून कंटाळा आणतात.

‘गली बॉय’मुळे मुंबईचं रॅप सगळ्यांना माहीत झालंच आहे. स्वदेशी या मुंबईच्या मंडळींनी मराठीतही केलंय, तेही मधनंमधनं लावत चला. शब्द कळतात तेव्हा वजनाकडे कसं दुर्लक्ष होतं, हे स्वतःच्या भाषेतच समजतं.

अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचा २०१५ चा ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ सगळे पहिल्या दिवशी सुचवतात. मी म्हणेन, सहा महिने हात लावू नका. जवळजवळ ऐंशी मिनिटं, खाली जॅझ, फंक, वर एकाच माणसाचे दहा आवाज. आधी त्याचा २०१२ चा ‘गुड किड, मॅड सिटी’ घ्या, त्याला सरळ गोष्ट आहे. त्याच्याच ‘डॅम’ला २०१८ मध्ये पुलित्झर मिळालं, पण तिघांत तो मला तिसराच वाटतो.

पायरी सहावी: तुकड्याचं मूळ गाव शोधा

एखादा तुकडा मनात घोळायला लागला की तो कुठनं आला ते हुडका. जाळ्यावर पाच मिनिटांत सापडतं. या नादानं मी आयझॅक हेजला पोचलो, जॅझ ड्रमर आर्ट ब्लेकीला पोचलो, आणि फिरून घरी आलो. आशाताई जन्मानं सांगलीच्या. ब्लॅक आइड पीजच्या २००५ च्या एका गाजलेल्या गाण्यात त्यांचा आवाज आहे. कॉर्नरशॉप या इंग्लंडमधल्या अल्टरनेटिव्ह बँडनं तर १९९७ मध्ये आख्खं गाणंच त्यांच्यावर केलं, ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. त्याचं रिमिक्स पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर होतं. लतादीदींचं बालपण सांगलीत गेलं. त्यांच्या ‘थोडा रेशम लगता है’चा तुकडा २००२ मध्ये एका अमेरिकन गाण्यात न विचारता वापरला गेला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव दिल्याशिवाय ती सीडी विकायची नाही असं न्यायाधीशानं सांगितलं.

पैशाचा हा भाग कळला की अल्बमांचा आवाज का बदलला तेही कळतं. १९९१ च्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल लागला की विचारल्याशिवाय तुकडा घेता येणार नाही. त्याआधी पब्लिक एनिमी एकेका गाण्यात तुकड्यांचा ढीग रचायचे. त्यानंतर प्रत्येक तुकड्याचं बिल यायला लागलं आणि ढीग परवडेना. डे ला सोल या हिप-हॉप गटाचे सुरुवातीचे अल्बम या भानगडीपायी मार्च २०२३ पर्यंत कुठल्याच ॲपवर नव्हते. मी त्यांचा १९८९ चा पहिला अल्बम एका मित्राच्या कॅसेटवर ऐकला होता, दुसऱ्या बाजूला गजानन महाराजांची आरती होती.

डीजे शॅडोचा ‘एंट्रोड्यूसिंग’, १९९६, हा या पायरीवरचा अल्बम. जवळजवळ सगळा जुन्या रेकॉर्डच्या तुकड्यांचा. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या एका दुकानाच्या तळघरात तो माणूस धुळीत बसून रेकॉर्ड उपसायचा. रॅप जवळपास नाहीच, नुसता लहरा आणि लहऱ्यावर लहरा. रात्री, एकट्यानं.

पायरी सातवी: अल्टरनेटिव्ह

२४ सप्टेंबर १९९१ ला, ट्राइबचा ‘लो एंड थिअरी’ आला त्याच दिवशी, निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडचा ‘नेव्हरमाइंड’ आला. जानेवारीत त्यानं मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला अमेरिकेत पहिल्या नंबरवरनं खाली ओढलं. मुख्य रस्ता सोडून चालणाऱ्यांचं म्हणून जे संगीत होतं तेच मुख्य रस्त्यावर आलं आणि ‘अल्टरनेटिव्ह’ या शब्दाला अर्थ उरला नाही. शब्द राहिला.

इथे वेगळ्या कानानं बसावं लागतं, कारण लहरा नेहमी नसतो. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा ‘लव्हलेस’ घ्या, तोही १९९१ चाच. भाचीचा ‘मिक्सर’ तो हाच. मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत एकदा तंबोऱ्याची जवारी लावताना बघत बसलो होतो. कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत होता, केसभर इकडे, केसभर तिकडे. तार आधी नुसती ठण्ण वाजत होती. मग एका जागी धागा आला आणि ती एकदम उघडली, एका तारेतनं दहा स्वर भणाणायला लागले. ‘लव्हलेस’मधल्या गिटारी म्हणजे ती उघडलेली जवारी, जवळजवळ पन्नास मिनिटं. गाणारे आवाज त्या भणभणीच्या आत बसलेले आहेत. त्यांना बाहेर ओढू नका, तुम्ही आत जा.

रेडिओहेड हा इंग्लंडमधला बँड सोपा आहे, कारण तिथे लहरा परत सापडतो. १९९७ च्या ‘ओके कॉम्प्युटर’च्या पहिल्याच गाण्याचा ड्रम त्यांनी डीजे शॅडोच्या धाटणीनं, स्वतःच्याच ड्रमरचा तुकडा कापून फिरवला आहे. तीन वर्षांनी आलेला ‘किड ए’ मला त्याहून जवळचा. त्यातलं एकही गाणं त्यांनी सुटं बाजारात आणलं नाही. म्हणजे पायरी दुसरी त्यांनीच पाळायला लावली. आइसलंडची गायिका ब्यॉर्क, तिचा १९९३ चा ‘डेब्यू’ही घ्या. त्यावर तलविन सिंगचा तबला आहे, आणि निर्माता नेली हूपर ब्रिस्टलच्या त्याच वाइल्ड बंचमधला. दोन वर्षांनी तिच्या ‘पोस्ट’वर ट्रिकी आला. सगळी एकमेकांच्या शेजारची घरं आहेत.

अडलात तर

अल्बम आवडला नाही म्हणून लगेच पुसू नका, आणि तीनदा ऐकूनही नावडला तर लाजूही नका. मला स्मॅशिंग पंपकिन्सचा दोन सीडींचा अल्बम आजवर एका बैठकीत संपवता आलेला नाही. आठवड्याला एकच नवा अल्बम, बाकी दिवस जुनाच. काम करताना मागे लावायचा असेल तर ऐकलेलाच लावा. मार्चमध्ये सौदे जोरात असताना मी पट्ट्या करता करता नवा अल्बम लावला होता, आणि एका शेतकऱ्याच्या हळदीची दोन पोती कमी धरली. माणूस भला, हसून दुरुस्त करून घेतलं.

भाचीला ‘डमी’ शेवटपर्यंत आवडला नाही. “रडकाच आहे मामा.” तिला पब्लिक एनिमी आवडले, आणि त्याहून ट्राइब. गेल्या रविवारी आली तेव्हा अण्णांच्या शेजारी बसून तिनं एक इयरफोन त्यांच्या कानात घातला आणि रॉन कार्टरचं गाणं लावलं. अण्णा डोळे मिटून बसले.

“हा बासवाला किती वर्षांचा गं?”

तिनं फोनवर बघितलं. “जन्म १९३७, आजोबा.”

“माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा,” अण्णा म्हणाले. “परत लाव.”